योनीमार्गातले ‘चांगले’ जिवाणू आणि कर्करोग : मागची गोष्ट

१८९२ साली आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने योनीस्रावातल्या काडीसारख्या जिवाणूंचं वर्णन केलं. हे जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात रोगजंतूंचं फावत नाही, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याला चिंता बाळंतज्वराची होती, कर्करोगाचा तिथे विषयच नव्हता. पण हे काडीसारखे जिवाणू, म्हणजे लॅक्टोबॅसिलस, तेवढे चांगले, बाकीचे संशयित, ही वाटणी तिथून रुजली ती रुजलीच.

गंमत अशी, की कर्करोग शोधणाऱ्यांना हे जिवाणू पुढे कायम दिसत होते. १९४०च्या दशकापासून पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन पाहण्याची तपासणी, रुळली. या काड्या कधीकधी पेशीच फोडून टाकतात आणि मग काचपट्टीवर नुसती उघडी पडलेली केंद्रकं विखुरलेली दिसतात. तपासणाऱ्याच्या लेखी तो कामातला अडथळा. पेशी महत्त्वाच्या, जिवाणू नाहीत.

१९८३मध्ये हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-१६ हा विषाणू दाखवला. त्या कामाला २००८चं नोबेल मिळालं. गुन्हेगार सापडला, पण पेच उरला. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपसूक जातो. मग मोजक्या जणींमध्येच तो ठाण मांडून का बसतो? जिवाणूंकडे पुन्हा लक्ष वळायला हा प्रश्न पुरेसा होता.

तोवर साधनंही बदलली होती. बरेच जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत, आता ते जनुकावरून ओळखता येऊ लागले. २०११मध्ये जॅक रॅव्हेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या, कोणतीही तक्रार नसलेल्या ३९६ स्त्रियांचे नमुने तपासून पाच गट पाडले. चार गटांत लॅक्टोबॅसिलसची एकेक जात वरचढ, पाचव्यात इतर जिवाणूंची मिश्र वस्ती. धडधाकट बायकांतही हा पाचवा गट सर्रास आढळला, हे मात्र नंतरच्या उत्साहात अनेकदा विसरलं गेलं.

पुढच्या अभ्यासांत मिश्र वस्तीची सांगड आधी एचपीव्हीशी आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व बदलांशी, नंतर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी घातली गेली. इथे जपून वाचायला हवं. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं, योनीच्या पेशींतलं ग्लायकोजन, म्हणजे या जिवाणूंचं खाद्य, घटतं आणि लॅक्टोबॅसिलसची उपासमार होते. अस्तराचा कर्करोग प्रामुख्याने याच वयातला. किरणोपचारांनीही ही वस्ती बदलते. मग आधी काय झालं, कसं ठरवायचं?

म्हणून मला २०१९चा ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’मधला अभ्यास जास्त वजनदार वाटतो. बीआरसीए-१ जनुकात दोष असलेल्या (या दोषाने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो), पण अंडाशयाचा कर्करोग अजून न झालेल्या पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांतही लॅक्टोबॅसिलस निम्म्याहून कमी असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं. कारण सिद्ध झालं असं नाही, पण निदान ‘आजारामुळे जिवाणू बदलले’ एवढंच म्हणून ते उडवून लावता येत नाही.

जुन्या वाटणीला खरा धक्का २०२३मध्ये बसला. टेक्सासच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या संशोधकांना गर्भाशयमुखाच्या गाठींतच लॅक्टोबॅसिलस इनर्स ही जात सापडली. ज्यांच्या गाठीत ती होती, त्यांच्यावर केमोथेरपी आणि किरणोपचारांचा असर कमी झाला. ही जात लॅक्टिक आम्लाचा एल-लॅक्टेट हा एकच प्रकार बनवते, आणि त्या लॅक्टेटमुळे कर्कपेशींचा चयापचयच बदलून त्या उपचारांना दाद देईनाशा होतात, असं त्यांनी दाखवलं.