शेतीचं पाणी आणि ‘बचत’ या शब्दाचा घोळ

कालव्याचं पाणी साचून जमीन क्षारपड होणं मेसोपोटेमियाइतकं जुनं. आजची टंचाई मात्र पंपाबरोबर आली. दुसऱ्या महायुद्धानंतर खोल भूजल उपसणं आवाक्यात आलं आणि पावसाच्या हिशेबाने पीक घ्यायची गरजच उरली नाही. सौदी अरेबियाने हजारो वर्षांपूर्वी साठलेल्या भूजलावर वाळवंटात गहू पिकवला, १९८०च्या दशकात तो निर्यातही केला आणि शेवटी २०१६ मध्ये सरकारी खरेदी थांबवली. मध्य आशियात १९६० पासून कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी वळवलं. अरल समुद्र आटला आणि त्याच्या तळाचं मीठ वाऱ्याने आसपासच्या शेतांवर येऊन बसलं.

माणूस नद्या-भूजलातून जेवढं पाणी उचलतो, त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं. त्यामुळे टंचाई म्हटली की बोट शेतकऱ्याकडे वळतं आणि उपाय ठरलेला असतो: पाणी वाचवा. इथेच घोळ आहे.

सरीतून मोकाट सोडलेल्या पाण्याचे तीन वाटे होतात. काही पिकाच्या पानांतून हवेत जातं, काही ओल्या मातीवरून उडतं आणि उरलेलं मुळांखाली पाझरतं किंवा शेताच्या उतारावरून ओढ्याला लागतं. हा तिसरा वाटा कागदावर ‘वाया गेलेला’. पण खालच्या अंगाच्या विहिरीला तोच पाझर लागलेला असतो. (खाली खारं पाणी असेल तर तो खरंच वाया जातो.) १९६०च्या दशकात इस्रायलमध्ये आकाराला आलेलं ठिबक प्रामुख्याने हाच पाझर थांबवतं. मुळाशी कायम वाफसा राहतो, पीक जोमदार येतं आणि जोमदार पीक पाणीही जास्त पितं. शेतकरी उरलेल्या पाण्यावर आणखी एक तुकडा भिजवतो. त्यात त्याचं काहीच चुकत नाही, पण विहिरीची पातळी काही वर येत नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून कमी गळतीच्या तुषार यंत्रांना अनुदान मिळालं. पुढे हिशेब मांडला तेव्हा भूजलाचा उपसा घटलेला नव्हता. शेतकरी जास्त पाण्याच्या पिकांकडे वळले होते.

ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्यात हा वाद थेट धोरणात उतरला. २०१२ च्या आराखड्यानुसार नदीसाठी पाणी सोडवायचं होतं आणि मार्ग दोन होते: शेतकऱ्यांकडून पाणीहक्क विकत घ्यायचे किंवा सिंचन सुधारायला पैसे देऊन ‘वाचलेल्या’ पाण्यातला वाटा नदीला द्यायचा. पहिला मार्ग स्वस्त होता, मोजायलाही सोपा. पण हक्क विकले गेले की गावं ओस पडतील, अशी ओरड झाली आणि २०१५ मध्ये खरेदीवर १,५०० अब्ज लिटरची मर्यादा आली. ही ओरड अगदीच खोटी नव्हती. शेती थांबली की तिच्यावर चालणारी दुकानं आणि शाळाही अडचणीत येतात. तरी त्यामुळे पैसा महागड्या मार्गाकडे वळला आणि त्या मार्गाने नदीला किती पाणी मिळालं, यावर तज्ज्ञांत जुंपली. आधी पाझरून नदीतच परतणारं पाणी ‘बचत’ म्हणून पुन्हा मोजलं गेलं का, एवढाच प्रश्न होता. २०२३ मध्ये कायदा बदलून खरेदीवरची मर्यादा उठवली.

या सगळ्या हिशेबात एक पाणी कुठेच नसतं: पावसाने मातीत मुरलेली ओल. टंचाईची प्रचलित रेषा दरडोई वर्षाला १,७०० घनमीटरची. ती नद्या आणि भूजल मोजते, ओल नाही. जगातली सुमारे ८० टक्के लागवडीखालची जमीन मात्र त्याच ओलीवर पिकते.