माणूस इंग्रजीत सांगताना

मराठी माध्यमाच्या शाळेतल्या सहावी-सातवीच्या इंग्रजीच्या वह्या तपासायला घेतल्या, की ‘माय मदर’ हा निबंध हमखास सापडतो. वह्या चाळीस असल्या तरी त्यातली आई एकच असते. ती ‘काइंड’ असते, ‘हार्डवर्किंग’ असते आणि शेवटच्या ओळीत मुलाचं तिच्यावर ‘व्हेरी मच’ प्रेम असतं. प्रत्यक्षात कुणाची आई ऊसतोडीला जाते, कुणाची अंगणवाडीत मदतनीस आहे, कुणाची ब्लाउज शिवून घर चालवते. मुलांना हे सांगता येत नाही असं मुळीच नाही. मधल्या सुट्टीत आईबद्दल विचारून बघा, थांबायचं नाव घेणार नाहीत. राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सातवीत येईपर्यंत या मुलांची सहा वर्षं ही भाषा ऐकण्या-वाचण्यात गेलेली असतात. तरी इंग्रजीत आल्याबरोबर सगळ्या आया सारख्या का होतात?

शब्द कमी पडतात, हे उत्तर आपल्या तोंडावर असतं. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. माझं म्हणणं असं, की माणसाचं वर्णन शिकवायला आपण उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. विशेषणांची यादी आधी देतो आणि तो माणूस दिवसभर करतो काय हे नंतर विचारतो, बहुतेक वेळा विचारतच नाही. माणसं एकमेकांचं वर्णन कसं करतात आणि परकी भाषा बोलताना डोक्यात काय चालतं, या दोन्ही प्रश्नांवर गेल्या पन्नासेक वर्षांत भरपूर अभ्यास झाला आहे. तो बघितला तर हा क्रम का बदलायला हवा ते कळतं.

पहिला अभ्यास आपल्या जवळचाच, भुवनेश्वरचा. रिचर्ड श्वेडर आणि एडमंड बोर्न या दोन अमेरिकन संशोधकांनी भुवनेश्वरच्या ओडिया लोकांना आणि अमेरिकेतल्या लोकांना आपापल्या ओळखीच्या माणसांचं वर्णन करायला सांगितलं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी निष्कर्ष मांडले. अमेरिकनांच्या वर्णनांत 46 टक्के विधानं प्रसंग, स्थळ, नातं यांतलं काहीही न सांगता थेट स्वभावावर बोट ठेवणारी होती: तो हट्टी आहे, ती मनमिळाऊ आहे. ओडिया लोकांच्या वर्णनांत अशी विधानं फक्त 20 टक्के निघाली. ‘ती मनमिळाऊ आहे’ असं म्हणायच्या जागी ते सांगत, की सणाच्या दिवशी ती आमच्या घरी गोडाधोडाचं घेऊन येते. अमूर्त विचार जमत नाही म्हणून हे लोक असं बोलत असतील का, हेही संशोधकांनी तपासलं. कारण ते नव्हतं. कमी शिक्षण हेही नव्हतं. माणूस म्हटला की तो कुणाचा कोण आणि कुणाशी कसा वागतो हे आधी सांगायचं, अशी ती पद्धत होती.

जोन मिलर यांनी 1984 मध्ये मैसूर आणि शिकागो इथल्या मुलांना आणि मोठ्यांना ओळखीच्या लोकांच्या चांगल्या-वाईट वागण्याची कारणं विचारली. मोठ्या अमेरिकनांच्या उत्तरांत सुमारे 40 टक्के कारणं स्वभावाची होती. मैसूरच्या मोठ्यांच्या उत्तरांत 20 टक्क्यांहूनही कमी. आठ वर्षांच्या मुलांमध्ये मात्र दोन्हीकडे फारसा फरक नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे वर्णनाची ही सवय जन्मजात नाही, ती आजूबाजूचं बोलणं ऐकत घडते.

याचा अर्थ आपल्याकडे विशेषणं नाहीत असा कुणी घेऊ नये. खडूस, भोळसट, चेंगट, आतल्या गाठीचा, मनमोकळा असे एकेक शब्द मराठी माणूस सहज वापरतो. पण पुढच्याने ‘का रे, काय झालं?’ असं विचारलं की प्रसंग सुरू होतो आणि खरी मजा तिथेच असते.

इंग्रजीच्या विशेषणांचा साठा तर अफाट आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी 1936 मध्ये वेबस्टरच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वागणं आणि स्वभाव सांगणारे शब्द वेचले, तेव्हा ते जवळजवळ 18 हजार भरले. स्वभावाच्या मोजमापाचं पुढचं बरंच मानसशास्त्र त्या यादीवर उभं राहिलं. पाठ्यपुस्तकातल्या दहा-वीस शब्दांच्या चौकटी याच साठ्यातले चार दाणे. त्या चौकटी वाईट नाहीत, फक्त त्यांची वेळ चुकते.

का चुकते, हे गुन सेमिन आणि क्लाउस फीडलर यांनी 1988 मध्ये मांडलेल्या एका साध्या शिडीवरून समजतं. माणसाबद्दल बोलताना आपण चार पायऱ्यांवरून बोलू शकतो, असं ते म्हणतात. ‘त्याने तिला ढकललं’ ही तळाची पायरी. कुणीही पाहणारा तेच सांगेल. ‘त्याने तिला त्रास दिला’ यात थोडा अर्थ लावलेला आहे. ‘तो तिचा तिरस्कार करतो’ म्हटलं की आपण त्याच्या मनात शिरलो. आणि ‘तो आक्रमक आहे’ ही सगळ्यात वरची पायरी: तिथे ती मुलगी नाही, तो दिवस नाही, राहिला फक्त शिक्का. जितकं वर जावं तितकं पडताळून बघायला कमी उरतं. मुलांना आपण थेट वरच्या पायरीवर उभं करतो, आणि तिथे सगळ्यांच्या आया एकसारख्या दिसणारच.

आता भाषेच्या बाजूने बघू. बोलणं घडतं कसं, याचा एक आराखडा डच मानसभाषाशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी 1989 मध्ये दिला, आणि तो आजही आधाराला घेतला जातो. काय सांगायचं ते आधी ठरतं, मग त्यासाठी शब्द आणि व्याकरण जुळतं, मग तोंडातून उच्चार येतो. मातृभाषेत मधला टप्पा जवळजवळ आपोआप पार पडतो, म्हणून सगळं लक्ष काय सांगायचं याकडे देता येतं. शिकाऊ भाषेत मधला टप्पाच सगळं लक्ष खातो. अशा वेळी काय सांगायचं हेही जागच्या जागी शोधायला लावलं, तर मूल पाठ असलेल्या वाक्याचा आसरा घेतं. ‘माय मदर इज काइंड’ हा तसा आसरा आहे. त्याला आळस म्हणू नये.

त्यात माणसाचं आयुष्य इंग्रजीत सांगायचं म्हणजे नेमकी या भाषेतली एक अवघड जागा समोर येते. ‘शी कुक्स’मधला शेवटचा ‘स’. रॉजर ब्राउन यांनी तीन अमेरिकन मुलांचं बोलणं बालपणापासून टिपून 1973 मध्ये दाखवलं, की इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंही व्याकरणाचे छोटे प्रत्यय एका ठरावीक क्रमाने आत्मसात करतात. चौदा घटकांच्या त्या क्रमात ‘कुकिंग’मधला ‘इंग’ पहिला येतो आणि हा ‘स’ दहावा. पुढच्याच वर्षी हायडी डुले आणि मरिना बर्ट यांना इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिशभाषक आणि चिनीभाषक मुलांतही हा ‘स’ उशिरा येतो असं आढळलं. मराठी मुलाला कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलतं ही कल्पना काही नवी नाही. जातो, जाते, जातात हे त्याच्या रक्तात आहे. अडचण वेगळी आहे. तो ‘स’ कानाला पुसट लागतो आणि नवीन काही सांगत नाही, कारण ‘शी’ने सगळं आधीच सांगितलेलं असतं. गोल्डश्नायडर आणि डीकायझर यांनी 2001 मध्ये अशा 12 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा ऐकू येण्यातली ही स्पष्टता क्रम ठरवणाऱ्या कारणांपैकी एक निघाली.

म्हणून वर्गातल्या मुलीने ‘शी कुक’ म्हटलं की तिला तिथेच थांबवण्यात फायदा नाही. मराठीची आणखी एक गोड चूक सांगतो. आपण मोठ्यांना आदराने बहुवचनात बोलतो, त्यामुळे आजोबांबद्दल बोलताना काही मुलं ‘दे’ म्हणतात. ही चूक संस्कारातून आली आहे, ती सुधारताना मुलाला हसू नये एवढंच.

मग करायचं काय? एक पाठ जवळून बघू. सातवीचा वर्ग आहे, विषय ‘शाळेतली एक व्यक्ती’. मुलांनी पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना निवडलं. पहिल्या दिवशी इंग्रजीचं नाव काढायचं नाही. मुलांनी मावशींकडे जायचं, मराठीत प्रश्न विचारायचे आणि ऐकलेलं लिहून आणायचं. मावशी आठला येतात. तांदूळ स्वतः निवडतात. दोनशे मुलांची खिचडी करतात. वाढायच्या आधी प्रत्येकाचे हात बघतात, हात धुतले नसतील तर वाढत नाहीत. त्यांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. गॅस यायच्या आधी त्या चुलीवर शिजवायच्या, तेव्हाच्या धुराबद्दल अजून बोलतात.

दुसऱ्या दिवशी हे इंग्रजीत आणायचं, आणि आता काय सांगायचं ही चिंता संपलेली असते. मुलं क्रियापदं मागतात: निवडणं, वाढणं, तपासणं. फळ्यावर सहा-सात शब्द येतात. मग पहिली वाक्यं उमटतात. ‘शी कम्स अ‍ॅट एट. शी क्लीन्स द राइस. शी कुक्स खिचडी फॉर टू हंड्रेड चिल्ड्रन. शी चेक्स अवर हँड्स.’ पाठोपाठ एखादा म्हणतो, ‘शी नॉट गिव्ह फूड टू डर्टी हँड्स.’ व्याकरण अडखळलं आहे, पण हे वाक्य कुठल्याही गाइडमध्ये मिळणार नाही. चुलीची गोष्ट सांगायला भूतकाळ लागतो, आणि ‘दहा वर्षांपासून करतात’ हे सांगायला इंग्रजीचा तो वेगळा काळ लागतो, ज्याच्या जागी आपण सवयीने साधा वर्तमानकाळ टाकतो. काळ शिकवायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

बोलायच्या आधी विचाराला वेळ देणं, याला ठोस आधार आहे. पॉलिन फॉस्टर आणि पीटर स्कीहन यांनी 1996 मध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांना तीन प्रकारची कामं दिली. काहींना आधी दहा मिनिटं तयारीला दिली, काहींना नाही. तयारी केलेल्यांचं बोलणं कमी अडखळलं आणि त्यांची वाक्यरचना अधिक भरीव झाली. आपल्या वर्गात मात्र नाव पुकारलं की मूल उभं राहतं आणि त्याच क्षणी बोलायचं असतं.

तयारीनंतर पुन्हा पुन्हा सांगणं. याची एक पद्धत कीथ मॉरिस यांनी 1983 मध्ये मांडली. तीच गोष्ट पहिल्या जोडीदाराला चार मिनिटांत सांगायची, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. ऐकणारा दर वेळी नवा, त्यामुळे सांगण्यात अर्थ राहतो. नेल द योंग आणि चार्ल्स पर्फेटी यांनी 2011 मध्ये तपासलं, तेव्हा एकच विषय पुन्हा सांगणाऱ्यांचा ओघ पुढे अगदी नव्या विषयावर बोलतानाही टिकला. दर वेळी वेगळा विषय बोलणाऱ्यांचा तसा टिकला नाही. घोकंपट्टीला नावं ठेवता ठेवता आपण सरावालाही नावं ठेवायला लागलो, हे मला फार खटकतं. अर्थ कळलेल्या गोष्टीचा सराव ही वेगळी चीज आहे. मराठी मुलांसाठी मिनिटं कमी करावी लागतील, दोन-दीड-एक चालेल.

‘स’ची दुरुस्ती तिसऱ्या फेरीनंतर. तीही शिक्षकाने बरोबर वाक्य म्हणून दाखवून नव्हे. रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी 1997 मध्ये मॉन्ट्रियलच्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत पाहिलं, की शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा चुकीचं वाक्य स्वतःच नीट करून म्हणतात, आणि नेमकं त्यालाच विद्यार्थ्यांकडून सगळ्यात कमी प्रतिसाद मिळतो. ‘शी कुक...?’ असं अर्धवट सोडून वाट बघितली, की मूल स्वतः सुधारण्याची शक्यता वाढते.

रूपवर्णनाचं काय? ‘फेअर, डार्क, फॅट, थिन’ हे शब्द पाठ्यक्रमात असले तरी वर्गमित्राचं वर्णन करायला ते मुळीच वापरू नयेत, असं माझं ठाम मत आहे. सावळ्या मुलीने तो शब्द सगळ्या वर्गासमोर आपल्याबद्दल ऐकायचा आणि आपण त्याला भाषेचा सराव म्हणायचं, हे बरं नाही. चष्मा, दुपट्टा, चालण्याची लकब, डाव्या हाताने लिहिणं यावरूनही माणूस ओळखता येतो. आणि ‘माय फादर’ सक्तीचा नको. वडील नसलेलं किंवा घर सोडून गेलेलं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं. कुणाची निवड करायची ते मुलावर सोडावं. एसटीचे कंडक्टर, आशाताई, शेजारची आजी, कुणीही चालेल.

विशेषणं सगळ्यात शेवटी, आणि ती सांगणाऱ्याने द्यायची नाहीत, ऐकणाऱ्यांनी द्यायची. मावशींची गोष्ट ऐकून एक गट म्हणतो, ‘शी इज स्ट्रिक्ट बिकॉज शी चेक्स अवर हँड्स.’ दुसरा म्हणतो, ‘नो, शी इज केअरिंग बिकॉज शी चेक्स अवर हँड्स.’ पुरावा तोच, शब्द वेगळा, आणि ‘बिकॉज’शिवाय कुणाचं पुढे सरकत नाही. वाद वाढला की कुणीतरी विचारतं, दोन्ही एकत्र सांगणारा एखादा शब्द आहे का? तेव्हा ‘फर्म’ हा शब्द फळ्यावर लिहायचा.