सहल वेगळी, मुक्काम वेगळा

हुरड्याचे दिवस आले की सोलापुरात शाळा, क्लास आणि मंडळांची पत्रकं फिरू लागतात. वर ठळक अक्षरांत ‘निसर्ग शिबिर’, खाली ‘मुक्काम एक रात्र’, आणि सूचना मात्र गेल्या वर्षीच्या सहलीच्या जशाच्या तशा: डबा, पाण्याची बाटली, ओळखपत्र, मौल्यवान वस्तू आणू नयेत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘सहलच आहे हो, फक्त झोपायचं तिकडे.’ घोटाळा त्या ‘फक्त’मध्ये आहे.

सहल कशी न्यायची हे कुणाला शिकवायला नको. सकाळी सहाला शाळेसमोर बस, नारळ, अक्कलकोट नाहीतर तुळजापूर, दर थांब्यावर मोजणी, पाण्याच्या काठापासून लांब, अंधार पडायच्या आत परत. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत चार पोरं सांभाळलेल्या माणसाला हे सगळं येतं. म्हणून ते इथेच सोडू.

बारीक फरकही चटकन उरकू. मुक्कामाला जास्तीचा कपड्यांचा जोड, टॉर्च आणि बंद बूट लागतात. जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणीला तोड नाही, मात्र शेंगदाणा न चालणारं एखादं मूल आहे का हे आधी विचारा. आपल्याकडे कूट कशाकशात असतं हे आपल्यालाच आठवत नाही. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकू नका. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला की त्यात जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करून जात नाही. झालं. या गोष्टींवर लोक दोन-दोन बैठका घेतात आणि खऱ्या प्रश्नाला पाच मिनिटंही देत नाहीत.

खरा प्रश्न असा: रात्री २ वाजता जागं कोण आहे?

सहलीत ‘सगळ्यांचं लक्ष आहे’ हे वाक्य चालून जातं. उजेड असतो, मुलं डोळ्यांसमोर असतात, मोठी माणसं सगळी जागी असतात. एकाचं लक्ष चुकलं तर दुसऱ्याचं असतं. मुक्कामात रात्री दहानंतर हे वाक्य खोटं ठरतं. सहा शिक्षक सोबत आहेत, सहाही झोपलेत, म्हणजे त्या घडीला लक्ष ठेवणारं कुणीच नाही. सोबत असणं आणि पाळीवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहलीत त्या एकच वाटतात, म्हणून सहलीत मुरलेली माणसंच मुक्कामात सगळ्यात जास्त चुकतात.

पाळी म्हणजे नाव आणि वेळ, दोन्ही कागदावर. ३० मुलांमागे आम्ही पाच मोठी माणसं धरतो: एक प्रमुख आणि दोन जोड्या. पहिली जोडी १० ते २, दुसरी २ ते ६. मुली असतील तर प्रत्येक जोडीत एक बाई हवीच. ‘एक मॅडम आहेत ना सोबत’ यावर भागवायचं नाही, कारण एकटी बाई आठ तास जागू शकत नाही. जोडीच का? एक जण मुलाला घेऊन संडासापर्यंत गेला तरी दुसरा तंबूंपाशी उरतो. शिवाय कुठलंही मूल रात्री एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद जागेत असू नये, हा नियम जोडीमुळे आपोआप पाळला जातो. संडासला जाताना मूल आणि त्याचा एक सोबती, मोठं माणूस बाहेर उघड्यावर टॉर्च घेऊन उभं.

ड्रायव्हर आणि आचारी या पाचांत मोजायचे नाहीत. ही चूक जवळजवळ प्रत्येक यादीत सापडते. ड्रायव्हरला रात्री झोप मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी चाळीस किलोमीटर चाळीस जिवांसकट तोच चालवणार आहे. प्रमुखानेही पाळी घ्यायची नाही. ‘सर रात्रभर जागे होते’ हे कौतुकाने सांगतात, आम्हाला त्यात अव्यवस्था दिसते. प्रमुखाने झोपावं, पण कुठे झोपलाय हे दोन्ही जोड्यांना ठाऊक हवं आणि हाक मारली की त्याचं डोकं ताजं हवं. एखाद्या मुलाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर जोडीतला एक जण ड्रायव्हरबरोबर जातो आणि त्याची जागा प्रमुख भरतो. चारच माणसं नेली असती तर हे गणित तिथेच कोलमडलं असतं.

पाळी बदलताना ‘सगळं ठीक आहे, झोपतो आता’ एवढ्यावर सोडू नका. दोन्ही जोड्यांनी मिळून टॉर्च घेऊन तंबूंच्या रांगेतून एक फेरी मारायची आणि डोकी मोजायची. पांघरुणं मोजायची नाहीत. जाड सोलापुरी चादरीखाली बॅग आणि उशी नीट रचली की झोपलेल्या पोरासारखीच दिसते, आणि आठवीच्या पोरांना हे आपल्याआधी सुचतं. मोजणीही नुसत्या आकड्याची नको. ‘तीस आले’ म्हणजे कुणीतरी दोनदा मोजलं गेलं असेल. तंबूवार नावांची यादी, नावापुढे खूण. मग वहीत चार ओळी: वेळ, कोण कुरकुरत होतं, कुणाला कुठली गोळी किती वाजता दिली, गाडीची किल्ली ठरलेल्या जागी आहे का. व्हॉट्सॲपवर टाकलेला ग्रुप फोटो ही हजेरी नव्हे.

जागं माणूस लागतं कशाला, हे एका उदाहरणात नीट दिसतं. दिवसा सहलीत मुलाचं पोट दुखलं तर भेळ बाधली असेल, प्रवास लागला असेल. थोडं थांबून बघता येतं. रात्री जमिनीवर झोपलेलं मूल ३ वाजता उठून पोट दुखतंय म्हणालं तर पहिला संशय मण्यारीचा, म्हणजे या विषारी सापाच्या दंशाचा, घ्यायचा. मण्यार रात्री फिरते, उंदरांच्या मागावर वस्तीत शिरते, अंथरुणात येते. तिचा दंश बऱ्याचदा जाणवतही नाही, दाताची खूण दिसेलच असं नाही, सूज येत नाही. आधी पोटदुखी, उलटी, घसा जड. मग पापण्या मिटू लागतात, बोलणं जाड होतं, आणि पुढे श्वास अडकतो. यात तासन् तास जातात. अशा मुलाला इनो पाजून ‘सकाळी बघू’ म्हणत परत झोपवणं, ही मुक्कामातली सगळ्यात महागडी चूक. मूल झोपलं की पापणी मिटली ती झोपेने की विषाने, हे कुणालाच कळत नाही.

अशा वेळी बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, साप शोधत बसायचं नाही. मुलाला कुशीवर, हालचाल न करता ठेवायचं आणि १०८ ला फोन लावायचा. फोनवर गावाचं नाव पुरत नाही. फाटा, त्यापुढचं अंतर, ओळखीची खूण सांगा आणि एक माणूस टॉर्च घेऊन फाट्यावर उभा करा. रात्री ॲम्ब्युलन्स शेताच्या वाटा चुकते. विंचवाच्या बाबतीतही एक लक्षात ठेवा: नुसती आग होणं वेगळं, आणि घाम फुटून, उलट्या होऊन हातपाय गार पडणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात लहान मुलाच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर ताण येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध रूढ झालं, पण ते दवाखान्यात द्यायचं, तंबूत नव्हे.

यातून दवाखान्याचा मुद्दा निघतो. सहलीत दवाखाना म्हणजे ‘वाटेत असेलच एखादा’. मुक्कामाआधी त्याला फोन करावा लागतो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तीन प्रश्न विचारा: रात्री डॉक्टर असतात का, सापाच्या विषावरची लस आत्ता शिल्लक आहे का, श्वास देण्याची सोय आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर उपचार तिथे सुरू करून सोलापूरला न्यावं लागेल, हे आधीच ठरवून ठेवा. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमाजवळ शिबिर लावणाऱ्यांनी तो रस्ता दिवसा एकदा आणि रात्री एकदा मोजून बघावा.

आणि गाडी! मुक्कामाचं भाडं वाचवायला बस मुलांना सोडून सोलापूरला परत पाठवतात, दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावतात. सहलीत बस कायम दाराशी असते म्हणून हे कुणाच्या डोक्यात येत नाही. रात्रभर एक तरी गाडी तिथे हवी: तोंड रस्त्याकडे, टाकी निम्म्याच्या वर, तिच्या पुढे दुसरं वाहन नाही, किल्ली ठरलेल्या खिळ्यावर. हे परवडत नसेल तर शिबिर एका दिवसाचं करा, तीही चांगली सहल होते.

जागा दिवसा बघतात, ही दुसरी खोड. दिवसा सुंदर दिसणारी जागा रात्री वेगळी असते. शेतात तंबू लावताना कडब्याच्या गंजीपासून लांब राहा. गंजीत उंदीर, उंदरांमागे साप. कठडा नसलेली विहीर किती पावलांवर आहे ते मोजा, आणि तिच्याभोवती दोरी बांधून चार कंदील टांगा. दिवसा पोरं तिला टाळतात, रात्री लघवीला उठलेलं झोपाळू पोर टाळत नाही. भीमेच्या पात्रात वाळूवर तंबू नको. उजनीतून पाणी सोडलं की इकडे पाऊस नसतानाही पात्र वाढतं. उन्हाळी शिबिरात एकट्या उंच झाडाखाली तंबू नको, कारण वळवाची वीज. थंडीत शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून तंबूत किंवा बंद खोलीत न्यायचे नाहीत. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो, माणसाला फक्त झोप येते. संडासाची वाट उजेडात हवी आणि बूट घालण्याआधी झटकायचे. शेकोटीपाशी भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या उत्साही दादांना आवरा. त्या ऐकलेली पोरं रात्री संडासापर्यंत जात नाहीत, तंबूमागेच बसतात, अंधारात, अनवाणी.

कागदांचाही असाच गोंधळ. संमतीपत्र सहलीला पुरतं, मुक्कामाला आरोग्यपत्रक वेगळं लागतं. बरेच जण त्यात रक्तगट मोठ्या अक्षरांत लिहून घेतात आणि निश्चिंत होतात. रक्त द्यायची वेळ आली तर दवाखाना गट स्वतः तपासतोच. विचारायचं ते असं: दमा आहे का आणि पंप सोबत दिलाय का, फिट येते का, झोपेत चालतं का, अंथरूण ओलं होतं का, रात्रीची गोळी कोणती. शेवटून दुसरा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि मग सकाळी त्या मुलाची सगळ्यांसमोर शोभा होते. उत्तर माहीत असेल तर पाळीवरचा माणूस त्याला ठरलेल्या वेळी हळूच उठवतो, विषय संपला. ही पत्रकं छापील, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाळीवरच्या जोडीकडे. मोबाइलमधली पीडीएफ चार्जिंग संपलं की गेली.

निर्णय कुणाचा, हेही निघण्याआधी ठरवा. सोलापुरात घरी झोपलेल्या अध्यक्षांना फोन लावून ‘नेऊ का दवाखान्यात?’ असं विचारणारा प्रमुख नको, आणि ‘थांबा जरा, बभ्रा नको’ म्हणणारे अध्यक्ष त्याहून नको. जागेवरचा प्रमुख ठरवेल, बाकीच्यांना नंतर कळेल. एका बाबतीत मात्र प्रमुखालाही मुभा नाही. कुणी आपल्याशी वाईट वागलं असं मुलाने सांगितलं तर ते कमिटीत मिटवायचं प्रकरण नव्हे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने असा प्रकार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुलाला ज्याच्याबद्दल बोलायचंय तो माणूस त्याच रात्री पाळीवर राहणार नाही, हेही तिथल्या तिथे बघायचं. मदतीला १०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर तंबूच्या खांबावर मुलांना दिसतील असे लिहा.

परतीला सहलीसारखं फाटकाशी बस थांबवून मुलं सोडून द्यायची नाहीत. यादी हातात घेऊन ज्या पालकाचं नाव पत्रकावर आहे त्याच्याच ताब्यात मूल द्यायचं, आणि रात्री काही कुरकुर झाली असेल तर ती तिथेच, त्याला एकट्याला, वेळेसकट सांगायची; मण्यारीसारख्या गोष्टीची लक्षणं उशिरा दिसू शकतात. शेवटचं मूल गेल्याची वेळ वहीत लिहा आणि वही रद्दीत टाकू नका, पुढच्या वर्षीचं पत्रक तिच्यावरून लिहायचं आहे.