मोहोराच्या वेळेचा सल्ला: रेडिओपासून मोबाइलपर्यंत

आंब्याचा बोंगा, म्हणजे मोहोराचा कोंब, फुटू लागला की कोकणातल्या बागायतदाराला सल्ला त्याच दिवशी लागतो. ढगाळ हवा चार दिवस टिकली तरी तुडतुड्यांना तेवढी पुरते. ते मोहोरातला रस शोषतात, त्यांचा चिकटा पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि फळधारणा हातची जाते. म्हणूनच शेतीसल्ला गावात कसा पोचत गेला, हा इतिहास इथल्या माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे.

हवामान खात्याने शेतकऱ्यांसाठीची वार्तापत्रं आकाशवाणीवरून द्यायला सुरुवात केली ती १९४५ मध्ये. पण खरा धडा मिळाला १९५६ मध्ये. युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून घाटावरच्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांसाठी कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायचे आणि शंका केंद्राकडे पाठवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने याचं मूल्यमापन केलं. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा चर्चा करणाऱ्या गावांना कितीतरी जास्त उमगलं, असं त्यात दिसलं. १९५९ पासून योजना देशभर गेली. माझ्या मते त्या प्रयोगाचं मर्म शंका परत पाठवण्यात होतं, आणि पुढे नेमकं तेच विरळ होत गेलं.

त्या पाच जिल्ह्यांत कोकण नव्हतं. इथली गावं डोंगरउतारावर वाड्यावाड्यांत विखुरलेली, पावसाळ्यात वाट बंद. शिवाय ऊस-ज्वारीचा सल्ला भातखाचराला आणि कातळावरच्या कलमांना काय कामाचा? १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आलं, तेव्हा सांगण्यासारखं इथल्या मातीतलं काही तयार होऊ लागलं: कर्जतच्या भातजाती, वेंगुर्ल्याची काजूची कलमं, आंब्यावरच्या फवारणीचं वेळापत्रक. त्याच वर्षी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि ‘आमची माती आमची माणसं’ घराघरांत गेलं. १९७७ मध्ये रत्नागिरी आकाशवाणी आली. दापोलीचा शास्त्रज्ञ आपल्याच भागातल्या केंद्रावरून बोलू लागला, ही मोठीच गोष्ट.

उलट विचारायची सोय मात्र पुन्हा आली ती २००४ मध्ये, किसान कॉल सेंटरमुळे. तेव्हा १५५१ फिरवला की मराठीत उत्तर मिळायचं, तेही मोफत. पुढे एसएमएस आले, मग व्हॉट्सॲप. करपा पडलेल्या मोहोराचा फोटो आता बागेतूनच तज्ज्ञाकडे जातो.

तरी अडचणी आहेतच. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद पडले. सल्ल्याची सगळ्यात जास्त गरज असताना यंत्रणा मुकी झाली. शिवाय खाडीकाठच्या बागेत मोहोर आधी येतो, सह्याद्रीच्या पायथ्याला उशिरा. अख्ख्या जिल्ह्याला एकच संदेश धाडला तर कुणाच्या तरी वेळेला तो चुकतोच.

आणखी एक गोष्ट फक्त कोकणातला माणूसच ओळखेल. सातबारा आणि मोबाइल नंबर मुंबईतल्या चाकरमान्याचा, बाग राखते गावाकडची आई किंवा वहिनी. फवारणीचा संदेश भांडुपला येतो, मग तिथून फोन करून तो वाचून दाखवला जातो. नोंदणीच्या वेळी बाग प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याचा नंबर घेतला, तर हा वळसा सहज वाचेल.