महागडा मेटल डिटेक्टर नेमकं काय जास्त देतो?

५ जुलै २००९ रोजी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात, हॅमरविच गावाजवळच्या एका नांगरलेल्या शेतात टेरी हर्बर्ट यांच्या मेटल डिटेक्टरने आवाज दिला. पुढे त्या शेतातून अँग्लो-सॅक्सन काळातलं सुमारे ४ किलो सोनं आणि दीड किलोहून जास्त चांदी बाहेर आली. त्यात गार्नेट जडवलेले, तलवारीच्या मुठींवरून उपटून काढलेले सोन्याचे तुकडेच तुकडे होते. त्या काळातल्या सोन्याचा एवढा मोठा साठा आजवर दुसरा सापडलेला नाही. त्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली. हर्बर्ट यांच्या हातातला डिटेक्टर मात्र १४ वर्षं जुना होता आणि तो जुन्या वस्तूंच्या बाजारात अवघ्या अडीच पौंडांना घेतल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

या घटनेवरून ‘म्हणजे स्वस्त यंत्र पुरतं’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण ते सोनं खोल नव्हतं. नांगराच्या फाळाने ते वरच्या मातीत आणून टाकलं होतं आणि तिथे धातूच्या तुकड्यांची दाटीच होती. अशा जागी कोणतंही चालू स्थितीतलं यंत्र बोललं असतं. खरा प्रश्न उरतो तो नेहमीच्या शेतातला, जिथे दिवसभरात एखादं बटण आणि चार गंजके खिळे हाती लागतात. ब्रिटनमध्ये शेतं पालथी घालून जुन्या वस्तू शोधण्याचा हा छंद करणारी मंडळी साधारण दीड-दोनशे पौंडांच्या यंत्राने सुरुवात करतात आणि एक-दोन हंगाम गेले की हजार-दीड हजार पौंडांच्या यंत्राकडे त्यांचं मन ओढ घेऊ लागतं. कारण विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं, ‘ते जास्त खोल बघतं.’ हे उत्तर भौतिकशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहायला हवं, कारण हजार पौंड त्याच्यावर अवलंबून असतात.

डिटेक्टरच्या टोकाला जी चपटी तबकडी असते तिला कॉइल म्हणतात. तिच्या आत तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला जातो, त्यामुळे खाली जमिनीत तितक्याच वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वाटेत नाणं आलं की त्याच्या अंगात गोल गोल फिरणारे प्रवाह उमटतात. त्यांना एडी करंट म्हणतात. या प्रवाहांचं स्वतःचं एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असतं आणि ते दुसरं वेटोळं टिपतं. दोन्ही वेटोळी एकमेकांवर अशा बेताने बसवलेली असतात की पहिल्याचा थेट परिणाम दुसऱ्यावर जवळजवळ शून्य व्हावा. म्हणून तर दुसऱ्याला नाण्याची ती कुजबुज ऐकू येते.

ही युक्ती जुनी आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरचं यंत्र आणलं होतं. गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी शरीराची उजवीच बाजू तपासू दिली, गोळी होती डावीकडे. शिवाय गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ उडवला. आजूबाजूचं लोखंड चांगल्या यंत्रालाही कसं आंधळं करतं, याचा हा पहिला मोठा धडा.

आता खोलीकडे येऊ. छोट्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठपट क्षीण. नाण्यापर्यंत पोहोचताना ही घट होतेच, आणि नाण्याकडून परत येताना तीच घट पुन्हा एकदा होते. आठ गुणिले आठ म्हणजे चौसष्ट. कॉइलपासून पुरेशा अंतरावर असलेल्या छोट्या वस्तूचा सिग्नल अशा रीतीने अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. या एका वाक्यात डिटेक्टरच्या बाजारातल्या बऱ्याच दाव्यांचा निकाल लागतो.

आकडे मांडून पाहा. तुमचं स्वस्त यंत्र एखादं नाणं २० सेंटिमीटरवर पकडतं असं धरा. तेच ४० सेंटिमीटरवर पकडायचं तर यंत्र ६४ पट संवेदनशील हवं. समजा कुणी दहापट संवेदनशील यंत्र बनवलं, जे अभियांत्रिकीच्या दृष्टीने फारच मोठं यश ठरेल, तरी खोली २० वरून जेमतेम २९ सेंटिमीटरवर जाईल. प्रक्षेपणाची ताकद वाढवूनही फार काही साधत नाही, कारण त्याच ताकदीने मातीचा सिग्नलही वाढतो. स्वच्छ, शांत मातीत महाग आणि स्वस्त यंत्रांच्या खोलीत चार-सहा सेंटिमीटरचा फरक पडला तरी पुष्कळ झाला. खोली हवीच असेल तर आहे त्या यंत्राला मोठी कॉइल लावणं हा कितीतरी स्वस्त उपाय आहे. मोठ्या कॉइलचं क्षेत्र दूरवर टिकतं. मात्र ती जास्त माती आणि जास्त कचरा एकदम पाहते, आणि बारीक वस्तू तिच्या नजरेतून निसटतात.

दुसरी अपेक्षा असते ती धातू ओळखण्याची. पडद्यावर ० ते ९९ असा काहीतरी आकडा येतो, तो पाहून सोनं की पत्रा ते कळेल असं नवख्यांना वाटतं. यंत्राला सोनं माहीत नसतं. परत येणारा सिग्नल पाठवलेल्या सिग्नलच्या किती मागे पडला एवढंच त्याला मोजता येतं, आणि ते ठरतं वस्तूची विद्युतवाहकता, आकार, जाडी आणि चुंबकीय गुण या सगळ्यांच्या मिश्रणातून. पातळ सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे आकडे एकमेकांवर येऊन बसतात. दोनशे पौंडांच्या यंत्रात बसतात तसे दीड हजारांच्या यंत्रातही बसतात. ज्याला अंगठी हवी त्याने कड्याही खणायच्या.

आपल्या खिशातलं उदाहरण घ्या. अलीकडची १ रुपयाची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची असतात. चुंबकाला ती चिकटतात. ‘लोखंड वगळा’ अशी कळ दाबून ठेवलेला डिटेक्टर त्यांनाही खिळ्यांच्या रांगेत बसवू शकतो.

साखळीचं तर आणखी वेगळं. एडी करंटला फिरायला सलग धातू लागतो. साखळीच्या कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, त्यामुळे प्रवाह एका कडीतून दुसरीत नीट जात नाही आणि यंत्राला अख्खी साखळी दिसण्याऐवजी एक बारीकशी कडी दिसते. शेतात किंवा अंगणात मंगळसूत्र हरवलं तर डिटेक्टरला आधी लागतील त्या त्याच्या वाट्या. बारीक तारेत गुंफलेले मणी महागड्या यंत्रालाही सहसा जाणवत नाहीत.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? जातात ते वेगळं करून ऐकण्याच्या क्षमतेत, आणि माझ्या मते तीच विकत घेण्यासारखी गोष्ट आहे.

जुन्या वस्तीची जागा डोळ्यांसमोर आणा. माती कमी आणि खिळे जास्त अशी अवस्था. एका खिळ्यापासून पाच सेंटिमीटरवर चांदीचं छोटं नाणं पडलंय. तुम्ही कॉइल सेकंदाला एक मीटर वेगाने फिरवताय. म्हणजे खिळा आणि नाणं यांच्यावरून जाण्यात सेकंदाचा विसावा भाग इतकंच अंतर आहे. देवळातली घंटा घणघणत असताना लगेच दुसरा टोल दिला तर तो वेगळा ऐकू येत नाही, तसं स्वस्त यंत्राचं होतं: खिळ्याचा प्रतिसाद त्याच्या फिल्टरमधून पुरता विरायच्या आत नाण्याचा येऊन धडकतो आणि यंत्र दोन्ही मिळून ‘लोखंड’ ठरवून गप्प बसतं. चांगल्या यंत्राचा सावरण्याचा वेग जास्त असतो. तिथे कानाला आधी खिळ्याची घरघर लागते आणि तिला चिकटून नाण्याची एक तुटक, उंच चिवचिव. वर्षानुवर्षं पालथ्या घातलेल्या शेतांतून नव्या यंत्राने पुन्हा नाणी निघतात ती बऱ्याचदा यामुळे. ती खोल नसतात, खिळ्यांच्या आड असतात. छोटी कॉइल लावून आणि हात हळू फिरवून यातला थोडा फायदा जुन्या यंत्रातूनही काढता येतो. पण थोडाच.

दुसरा मोठा फरक मातीचा. मातीत मॅग्नेटाइट, मॅगहेमाइट अशी लोहखनिजं असली की माती स्वतःच सिग्नल देते आणि खोलवरच्या नाण्यापेक्षा तो कित्येक पट मोठा असतो. हा सिग्नल मोजून वजा करण्याच्या सोयीला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. अगदी स्वस्त यंत्रांत ती कारखान्यातच एका ठरावीक मातीसाठी बसवून टाकलेली असते. इंग्लंडच्या चुनखडीवरच्या सौम्य मातीत तेवढं पुरतं. दख्खनच्या बेसाल्टवर पुरणार नाही. या काळ्या खडकात टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट भरपूर असतं, आणि कोकणातल्या तांबड्या जांभ्यात लोहाच्या ऑक्साइडांची रेलचेल. आपल्याकडे स्वस्त यंत्र घेऊन कुणी ‘हे सगळीकडेच वाजतं’ अशी तक्रार केली तर यंत्र बिघडलंय असं समजू नये. ते मातीच ऐकतंय.

समुद्रकाठची ओली वाळू ही या सगळ्यांतली कठीण परीक्षा. खारं पाणी वीज वाहतं, म्हणून अख्खा किनाराच एक पसरलेला, क्षीण धातू असल्यासारखा वागतो. कॉइलमधला प्रवाह सेकंदाला जितक्या वेळा दिशा बदलतो ती त्याची वारंवारता. एकाच वारंवारतेवर चालणारं यंत्र मीठ तरी वजा करू शकतं किंवा खनिज तरी. दोन्ही एकत्र आले की अडतं. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीसारख्या किनाऱ्यांवर इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटची काळी वाळू खाऱ्या पाण्यात भिजलेली असते, म्हणजे दोन्ही अडचणी एकाच जागी. इथे एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रं कामाला येतात. खाऱ्या पाण्याचा प्रतिसाद वारंवारतेबरोबर वाढत जातो, लोहखनिजाचा जवळपास तसाच राहतो. दोन-तीन वारंवारतांवरचे सिग्नल एकमेकांशी ताडून पाहिले की कोणता भाग मिठाचा, कोणता वाळूचा आणि कोणता अंगठीचा हे गणिताने सोडवता येतं. हे काम एका वारंवारतेच्या स्वस्त यंत्राला कितीही सराव केला तरी जमणार नाही, कारण त्याच्याकडे तेवढी माहितीच पोहोचत नाही. पूर्वी ही सोय फक्त वरच्या किमतीत मिळे. आता ती मधल्या किमतीच्या यंत्रांतही आली आहे, त्यामुळे किनाऱ्यावर शोधणाऱ्याने एकदम सर्वांत महागड्यावर उडी मारायची गरज नाही.

ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या क्षेत्रांत हाच खेळ टोकाला जातो. व्हिक्टोरिया राज्यातल्या किंगोवरजवळ १९८० मध्ये २७ किलोंहून जड असा ‘हँड ऑफ फेथ’ नावाचा सोन्याचा गोळा डिटेक्टरने मिळाला. एवढा मोठा गोळा त्या काळच्या साध्या यंत्रालाही ऐकू येतो. त्याच लोहयुक्त मातीतले तांदळाएवढे कण शोधायचे तर पल्स पद्धतीची खास यंत्रं लागतात. ती क्षणभर जोरदार झटका देतात, मग प्रवाह बंद करून सोन्यातले एडी करंट विरताना ऐकतात. लोखंड ओळखण्यात ती कच्ची असतात. सोनं शोधून पोट भरणाऱ्यासाठी हा खर्च योग्य, शेतात नाणी शोधणाऱ्यासाठी नाही.

माझं मत सांगायचं तर असं: सौम्य मातीच्या, फारसा कचरा नसलेल्या शेतात फिरणाऱ्याने यंत्र बदलू नये. त्याने आधी बरे हेडफोन घ्यावेत, छोटी कॉइल घ्यावी आणि पिनपॉइंटर घ्यावा, म्हणजे खड्ड्यात खुपसून नेमकी जागा दाखवणारी हातभर लांबही नसलेली कांडी. तिच्यामुळे खड्डे लहान होतात, वस्तूला फावड्याचा घाव बसत नाही आणि दिवसाकाठी कितीतरी जास्त सिग्नल तपासून होतात. खिळ्यांनी भरलेली जुनी वस्ती, लोहयुक्त माती किंवा खारी वाळू हे ज्याचं रोजचं मैदान आहे त्याने मात्र खुशाल बदलावं, फरक पहिल्या दिवशी कानाला कळेल.

यंत्रापेक्षा महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉज हे एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. त्यांना रोमन सोन्या-चांदीची नाणी आणि चमचे लागले. थोडं काढल्यावर ते थांबले आणि त्यांनी पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यामुळे जवळजवळ १५ हजार नाणी आणि दागिने कोणत्या क्रमाने पेटीत रचले होते तेही नोंदवता आलं. इतक्या शिस्तीने उकललेले साठे फार थोडे आहेत. नंतर १९९६ च्या ट्रेझर ॲक्टने तिथे असा साठा १४ दिवसांत कळवणं बंधनकारक केलं.

आपल्याकडे १८७८ पासून निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय खोदणं हा गुन्हा आहे. गुप्तधनाच्या आशेने गडांवर यंत्रं फिरवून खड्डे पाडले जातात तेव्हा वस्तूपेक्षा मोठं काहीतरी कायमचं नष्ट होतं: ती कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती हा पुरावा. तिथे स्वस्त आणि महाग दोन्ही यंत्रं सारखीच नको.

स्वतःच्या शेतात हरवलेली अंगठी शोधायची असेल किंवा परदेशात राहून तिथल्या नियमांनुसार हा छंद करायचा असेल, तर नवं यंत्र घेण्याआधी एक चाचणी जरूर करावी. आपल्याच जमिनीत एक पितळी नाणं १५ सेंटिमीटर खोल पुरा आणि त्याच्यापासून चार बोटांवर, वरच्या थरात, एक गंजका खिळा ठेवा. जुनं यंत्र आणि उसनं आणलेलं नवं यंत्र, दोन्ही त्याच्यावरून चारही दिशांनी, हळू आणि भरभर फिरवून पाहा. दुकानातल्या टेबलावर नाणं हवेत धरून केलेली चाचणी इथे कामाची नाही, कारण तिच्यात माती नसते आणि खिळाही नसतो.