बुधवारची निदर्शने (सोल)

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांना न्याय मिळावा, यासाठी दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे जपानी दूतावासासमोर दर बुधवारी दुपारी होणारी निदर्शने. प्रारंभ ८ जानेवारी १९९२.

सैनिकांसाठी स्त्रियांना असे राबवणारी केंद्रे १९३२ मध्ये शांघायला सुरू झाली आणि १९३७ नंतर सैन्य जाईल तिथे पसरली. कोरिया तेव्हा जपानची वसाहत होता. कारखान्यात नोकरी लावतो असे सांगून गरीब घरांतल्या मुली फसवून नेल्या जात, काहींना बळजबरीने. युद्धानंतर परतलेल्या बहुतेकींनी सुमारे अर्धे शतक तोंड उघडले नाही, कारण समाजाने कलंक त्यांच्याच माथी मारला होता.

१४ ऑगस्ट १९९१ रोजी यांच्यापैकीच एक, किम हाक-सून यांनी स्वतःच्या नावानिशी जाहीर साक्ष दिली. दक्षिण कोरियात असे धैर्य दाखवणाऱ्या त्या पहिल्याच. हे सारे खासगी दलालांचे काम होते, असे जपान सरकार तोवर सांगत असे. जानेवारी १९९२ मध्ये इतिहासकार योशिमी योशिआकी यांनी लष्कराचा सहभाग दाखवणारी कागदपत्रे उजेडात आणली आणि हा बचाव कोसळला. १९९३ च्या कोनो निवेदनात (मुख्य कॅबिनेट सचिव योहेई कोनो यांचे) सरकारने सहभाग मान्य करून माफी मागितली; नुकसानभरपाईचे दावे मात्र दक्षिण कोरियाशी झालेल्या १९६५ च्या करारानेच मिटले, ही भूमिका सोडली नाही.

खरा झगडा इथेच आहे. निदर्शकांना गुन्ह्याची कबुली, कायदेशीर भरपाई आणि पाठ्यपुस्तकांत या इतिहासाची नोंद हवी आहे. म्हणूनच जपानने १९९५ मध्ये स्थापलेल्या आशियाई महिला निधीतली, लोकवर्गणीतून उभारलेली रक्कम अनेक कोरियन आज्यांनी (वृद्ध पीडित स्त्रियांना आदराने असे म्हणतात) नाकारली. दोन्ही सरकारांच्या २०१५ च्या करारात एक अब्ज येन जपानच्या सरकारी तिजोरीतून आले, पण ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांना विचारलेच नव्हते आणि वर प्रश्न 'कायमचा' मिटल्याचे जाहीर केले गेले. या अन्यायाचा राग समजण्याजोगा आहे.

राग जपानी जनतेवर नव्हता. मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतरच्या बुधवारी घोषणा बंद ठेवून मृतांना मूक श्रद्धांजली वाहिली गेली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला, हजाराव्या निदर्शनाच्या दिवशी, दूतावासासमोर बसलेल्या मुलीचा पुतळा उभारला गेला. २०२० मध्ये मात्र पीडितांपैकीच एक असलेल्या ली योंग-सू यांनीच आयोजक संस्थेच्या देणग्यांच्या वापरावर जाहीर टीका केली आणि चळवळीला मोठा हादरा बसला.

जानेवारी २०२१ मध्ये सोलच्या न्यायालयाने बारा फिर्यादींना प्रत्येकी १० कोटी वॉन देण्याचा आदेश जपानला दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या खटल्यात उच्च न्यायालयानेही जपानला जबाबदार धरले. सार्वभौम राष्ट्रावर परक्या देशात खटला चालत नाही, असे सांगून जपानने दोन्ही निकाल अमान्य केले.