युरोपीय संरक्षण संस्थेचे मुख्य कार्यकारी

युरोपियन डिफेन्स एजन्सी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ब्रुसेल्स येथील युरोपीय संरक्षण संस्थेचे सर्वोच्च प्रशासकीय पद. युरोपीय संघाच्या सदस्य देशांनी आपल्या सैन्यांच्या गरजा एकत्र मांडाव्यात, शस्त्रास्त्रांचे संशोधन, विकास आणि खरेदी शक्य तेथे मिळून करावी आणि युरोपातील संरक्षण उद्योगाचा पाया मजबूत करावा, यासाठी ही संस्था २००४ मध्ये स्थापन झाली. मुख्य कार्यकारी तिचा रोजचा कारभार पाहतात, तिचे कायदेशीर प्रतिनिधित्व करतात आणि संरक्षण मंत्री, सैन्यदले, युरोपीय आयोग व उद्योग यांच्यातील वाटाघाटींचे मुख्य सूत्रधार असतात. या पदाच्या हाताखाली सैन्य नाही, शस्त्रखरेदीचा मोठा निधी नाही आणि कोणत्याही देशाला आदेश देण्याचा अधिकारही नाही. त्यामुळे त्याचे वजन जवळजवळ सर्वस्वी देशांना सहमतीवर आणण्याच्या कौशल्यावर ठरते.

हे पद असे का घडले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. युरोपचे सामायिक सैन्य उभारणारा युरोपीय संरक्षण समुदायाचा करार ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीत बारगळला आणि त्यानंतर कित्येक दशके संरक्षण हा विषय युरोपीय एकीकरणाच्या कक्षेबाहेरच राहिला. शस्त्रास्त्रांबाबतचे सहकार्य पश्चिम युरोपीय संघ या जुन्या संरक्षण संघटनेशी जोडलेल्या गटांमधून चालू होते, पण त्याला बळ कमी होते. डिसेंबर १९९८ मध्ये फ्रान्समधील सेंट मालो येथे ब्रिटन आणि फ्रान्स यांनी युरोपला स्वतःची लष्करी क्षमता हवी अशी संयुक्त भूमिका घेतली आणि चित्र पालटले. जून २००३ मध्ये थेसालोनिकी येथील शिखर परिषदेत संस्था स्थापन करण्याचे ठरले आणि १२ जुलै २००४ रोजी संघाच्या मंत्रिपरिषदेच्या, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेच्या, निर्णयाने ती अस्तित्वात आली. पुढे लिस्बन कराराने तिला थेट संघाच्या मूळ करारात, कलम ४२ आणि ४५ मध्ये, स्थान दिले. आजची तिची नियमावली ऑक्टोबर २०१५ च्या निर्णयावर आधारलेली आहे.

संस्थेची रचना तीन पायऱ्यांची आहे. सर्वात वर संस्थेचे प्रमुख असतात आणि ते पद संघाच्या परराष्ट्र व सुरक्षा धोरणाच्या उच्च प्रतिनिधींकडे असते. हाविएर सोलाना, कॅथरीन ॲश्टन, फेदेरिका मोगेरिनी, जोसेप बोरेल आणि डिसेंबर २०२४ पासून काया कालास यांनी ही जबाबदारी सांभाळली आहे. त्यांच्या अध्यक्षतेखाली सुकाणू मंडळ बसते. त्यात सहभागी देशांचे संरक्षण मंत्री आणि आयोगाचा एक प्रतिनिधी असतो, मात्र आयोगाला मताचा अधिकार नाही. मुख्य कार्यकारी तिसऱ्या पायरीवर येतात. संस्थाप्रमुखांच्या प्रस्तावावरून सुकाणू मंडळ त्यांची तीन वर्षांसाठी नेमणूक करते आणि ही मुदत दोन वर्षांनी वाढवता येते. ते सुकाणू मंडळाला उत्तरदायी असतात, वार्षिक कार्यक्रम अमलात आणतात, अर्थसंकल्पाचा मसुदा तयार करतात, कर्मचाऱ्यांची व्यवस्था पाहतात आणि मंत्र्यांच्या बैठकीपुढे येणारे विषय आधीच्या स्तरांवर पिकवून आणतात. त्यांच्या मदतीला उपमुख्य कार्यकारी असतात.

मंडळाच्या मतदानाची पद्धत येथे बारकाईने पाहण्यासारखी आहे. निर्णय नियमाने विशेष बहुमताने होतात; पण एखाद्या देशाने राष्ट्रीय धोरणाची महत्त्वाची कारणे नमूद करून विरोध जाहीर केला, तर मतदानच घेतले जात नाही आणि प्रकरण मंत्रिपरिषदेकडे नेता येते. म्हणजे कागदावर बहुमत असले तरी व्यवहारात मुख्य कार्यकाऱ्यांना एकही राजधानी दुखावली जाणार नाही असा मसुदा आधीच तयार करावा लागतो. हा नियम कामाचा वेग कमी करतो हे खरे, तरीही संरक्षण हा सार्वभौमत्वाचा गाभा मानणाऱ्या देशांना एका टेबलाभोवती टिकवून ठेवण्यात त्याचाच मोठा वाटा आहे. एखाद्या प्रकल्पात सर्वच देशांना घेणे शक्य नसेल तेव्हा दुसरा मार्गही उपलब्ध असतो: काही प्रकल्पांत सर्व देश गृहीत धरले जातात आणि नको असलेले बाहेर पडतात, तर काहींमध्ये इच्छुक देशच पुढे येऊन करार करतात. संस्थेतले बरेचसे काम या दुसऱ्या प्रकारातून उभे राहिले आहे.

पहिले मुख्य कार्यकारी ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयातून आलेले निक विटनी होते. संस्था उभारणीच्या पथकाचे नेतृत्वही त्यांच्याकडेच होते. त्यांच्या कारकिर्दीतला ठळक प्रयोग म्हणजे नोव्हेंबर २००५ मध्ये मंजूर झालेली आणि १ जुलै २००६ पासून लागू झालेली संरक्षण खरेदीची आचारसंहिता. देश ‘अत्यावश्यक सुरक्षा हित’ या कारणाखाली शस्त्रखरेदी स्पर्धेबाहेर ठेवत असत. आता दहा लाख युरोंहून मोठ्या अशा निविदा संस्थेच्या इलेक्ट्रॉनिक सूचनाफलकावर जाहीर कराव्यात, असे देशांनी स्वेच्छेने मान्य केले. सक्ती नव्हती, दंड नव्हता. पण दुसऱ्या देशातील कंपनीला निविदा दिसू लागली हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. २००९ मध्ये संघाने संरक्षण खरेदीचा बंधनकारक निर्देश केला तेव्हा या अनुभवाची जमीन तयार होती.

विटनी यांच्यानंतर २००७ ते २०१० या काळात जर्मनीचे अलेक्झांडर वाइस यांनी हे पद सांभाळले आणि २००८ मध्ये पहिला क्षमता विकास आराखडा, म्हणजे सैन्यांना पुढे काय लागेल याचा सामायिक आराखडा, तयार झाला. पुढची कारकीर्द फ्रान्सच्या क्लोद-फ्रान्स आर्नू यांची. २०११ ते २०१५ या त्यांच्या काळात युरोपीय देशांची संरक्षण अंदाजपत्रके आर्थिक संकटामुळे आक्रसत होती आणि संस्थेचे स्वतःचे अंदाजपत्रकही ब्रिटनच्या विरोधामुळे अनेक वर्षे सुमारे तीन कोटी युरोंवरच अडकून पडले होते. पैसा कमी असताना सामायिक खरेदीची गरज वाढते, हा मुद्दा त्यांनी नेटाने मांडला. डिसेंबर २०१३ च्या शिखर परिषदेने हवेत इंधन भरणारी विमाने, ड्रोन, सरकारी उपग्रह दळणवळण आणि सायबर संरक्षण या चार कार्यक्रमांना पाठिंबा दिला, तो याच काळात. स्पेनचे मुत्सद्दी होर्खे दोमेक यांच्या कारकिर्दीत, २०१५ ते २०२० या वर्षांत, संस्थेच्या कामाचा पसारा वाढला. डिसेंबर २०१७ मध्ये स्थायी संरचित सहकार्य, म्हणजेच देशांनी बांधिलकी स्वीकारून संरक्षण प्रकल्प मिळून करण्याची ‘पेस्को’ ही व्यवस्था, सुरू झाले आणि त्याच्या सचिवालयात संस्थेला वाटा मिळाला; देशांच्या संरक्षण योजनांचा समन्वित वार्षिक आढावाही याच सुमारास आकाराला आला.

उद्योगाशी संवाद हा या पदाचा कदाचित सर्वात नाजूक भाग आहे. एअरबस, लिओनार्दो, तालेस, साब, राइनमेटाल यांसारख्या मोठ्या कंपन्यांना एकाच वेळी अनेक सरकारे गिऱ्हाईक म्हणून लाभतात आणि प्रत्येक सरकार आपल्या देशातील कारखान्याकडे झुकते. २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने दिलेल्या आकडेवारीनुसार युरोपीय देशांकडे १७ प्रकारचे मुख्य रणगाडे होते, तर अमेरिकेकडे एकच. इतके प्रकार असले की प्रत्येकाचे सुटे भाग, दुरुस्ती आणि प्रशिक्षण वेगळे, आणि प्रत्येक कारखान्याच्या मागण्या लहान. अशा वेळी उद्योगाला संस्थेकडून हवी असते ती भरवशाची, दूरदृष्टीची मागणी: पुढील दहा-पंधरा वर्षांत किती देशांना काय लागणार, हे आधी कळले तरच नवी उत्पादन शृंखला उभारणे परवडते. क्षमता विकास आराखडा आणि संशोधन विषयपत्रिका यांचा उद्योगाला उपयोग होतो तो यासाठी. मुख्य कार्यकारी युरोपीय उद्योग महासंघाशी आणि राष्ट्रीय उद्योग संघटनांशी नियमित बोलतात, पण कोणत्याही कंपनीचा माणूस ठरणे त्यांना परवडत नाही. ते मागणीच्या, म्हणजे सैन्यांच्या, बाजूने बसलेले असतात. लहान आणि मध्यम उद्योगांना मोठ्या साखळीत शिरकाव मिळवून देणे हेही त्यांच्याच कामाचा भाग मानले जाते, आणि ते अवघड काम आहे.

संस्थेचे यश दाखवण्यासाठी हवेत इंधन भरणाऱ्या विमानांचे उदाहरण हमखास दिले जाते, आणि ते योग्यही आहे. २०११ च्या लिबिया मोहिमेत युरोपीय लढाऊ विमानांना इंधनासाठी मोठ्या प्रमाणात अमेरिकी विमानांवर अवलंबून राहावे लागले. त्यानंतर संस्थेने २०१२ मध्ये दहा देशांकडून इरादापत्र मिळवले. खरेदी व व्यवस्थापन मात्र संस्थेने स्वतः केले नाही. ते ओक्कार ही शस्त्रास्त्र सहकार्य संघटना आणि नाटोची खरेदी संस्था यांच्याकडे गेले. नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी २०१६ मध्ये एअरबस ए-३३० एमआरटीटी प्रकारच्या दोन विमानांची मागणी नोंदवली, पुढे जर्मनी, नॉर्वे, बेल्जियम आणि चेक प्रजासत्ताक सामील झाले, आणि पहिले विमान जून २०२० मध्ये ताफ्यात आले. ताफ्याचा मुख्य तळ नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे आहे. कोणत्याही एका लहान देशाला असे विमान एकट्याने घेणे आणि चालवणे परवडले नसते. प्रत्येक देशाने स्वतःचे वेगळे विमान न घेता सामायिक ताफ्याच्या उड्डाणाचे तास वाटून घेतले, आणि ही कल्पना टेबलावर ठेवून ती वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्याचे श्रेय संस्थेच्या नेतृत्वाला द्यावे लागते.

२०२० ते २०२५ या काळात चेक प्रजासत्ताकाचे यिरी शेडिवी मुख्य कार्यकारी होते. ते पूर्वी आपल्या देशाचे संरक्षण मंत्री आणि नाटोतील राजदूत राहिले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले आणि या पदाचे स्वरूपच बदलले: आतापर्यंत अहवाल, आराखडे आणि इरादापत्रे यांतून काम करणाऱ्या संस्थेला प्रत्यक्ष खरेदीदार व्हावे लागले. २० मार्च २०२३ रोजी मंत्र्यांनी बारा महिन्यांत युक्रेनला १५५ मिलिमीटरचे दहा लाख तोफगोळे देण्याचे ठरवले आणि त्याच दिवशी १७ सदस्य देश व नॉर्वे यांनी संस्थेच्या सामायिक दारूगोळा खरेदी प्रकल्पावर सह्या केल्या. पुढे सामील देशांची संख्या वाढत गेली.

तोफगोळा हा बाहेरून एकसारखा दिसतो, पण खरेदीच्या दृष्टीने तसा नसतो. गोळ्याचे कवच, फ्यूज, दारूचे पुडके आणि प्रायमर हे वेगवेगळे घटक आहेत, ते बरेचदा वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात, आणि एका तोफेवर चाचणी होऊन मान्यता मिळालेला गोळा दुसऱ्या तोफेवर चालेलच असे नाही. म्हणून संस्थेने फ्रान्सची सीझर, जर्मनीची पान्झरहाउबिट्झ २०००, पोलंडची क्राब आणि स्वीडनची आर्चर या चार तोफांसाठी वेगवेगळे चौकट करार उद्योगाशी केले. आपल्याकडील सरकारी दरकरारासारखी ही व्यवस्था असते: अटी आणि किमती आधी ठरतात आणि देश आपापल्या गरजेनुसार मागणी नोंदवतात. असे आठ करार २०२३ मध्ये झाले. मार्च २०२४ पर्यंत दहा लाख गोळ्यांचे उद्दिष्ट गाठता आले नाही. त्याचे कारण केवळ संस्थेचा संथपणा नव्हे. कित्येक वर्षे कमी मागणीमुळे कारखान्यांची क्षमता घटली होती, आणि करार झाल्यानंतरही प्रत्यक्ष मागणी नोंदवणे हे प्रत्येक देशाच्या हाती होते. तरीही या प्रकल्पाने संस्थेला जे दिले ते मोलाचे होते: युरोपीय पातळीवर दारूगोळा खरेदीचे कंत्राट प्रत्यक्ष करण्याचा अनुभव.

या पदाच्या मर्यादा आकड्यांतून स्पष्ट होतात. २००७ मध्ये सुकाणू मंडळाने स्वतःच ठरवले होते की सदस्य देशांच्या शस्त्रसामग्री खरेदीपैकी ३५ टक्के खरेदी युरोपीय सहकार्यातून व्हावी. २०२१ मध्ये हे प्रमाण १८ टक्के नोंदवले गेले. मंत्र्यांनी मान्य केलेले उद्दिष्ट चौदा वर्षांनंतरही निम्म्यावर राहते, तेव्हा केवळ मुख्य कार्यकाऱ्यांना दोष देणे न्यायाचे होत नाही. निर्णय घेणारे तेच मंत्री असतात आणि ब्रुसेल्समधून परतल्यावर त्यांना आपल्या देशातील कारखाना, मतदारसंघ आणि नोकऱ्या यांचा विचार करावा लागतो. संस्थेचा स्वतःचा कर्मचारीवर्ग दोनशेच्या आसपास असून तिचे वार्षिक अंदाजपत्रक एका मोठ्या शस्त्रकार्यक्रमापुढे अगदी लहान आहे.

शिवाय ब्रुसेल्समध्ये संरक्षणाचा आणखी एक मोठा खेळाडू उभा राहिला आहे. युरोपीय आयोगाने संरक्षण उद्योग व अवकाश या विषयांचे स्वतंत्र महासंचालनालय सुरू केले आणि २०२१ ते २०२७ या कालावधीसाठीचा सुमारे ८ अब्ज युरोंचा युरोपीय संरक्षण निधी त्याच्याकडे आला. १ डिसेंबर २०२४ पासून लिथुआनियाचे आन्द्रियुस कुबिलियुस हे संघाचे पहिले संरक्षण आयुक्त झाले. मे २०२५ मध्ये देशांना खरेदीसाठी १५० अब्ज युरोंपर्यंत कर्ज देणारी ‘सेफ’ योजना मंजूर झाली. म्हणजे पैसा आयोगाकडे आणि सैन्याच्या गरजांची माहिती व मंत्र्यांचा विश्वास संस्थेकडे, अशी विभागणी झाली आहे. संरक्षण मंत्र्यांच्या मालकीची संस्था म्हणून ती आयोगाच्या औद्योगिक धोरणात विरघळू नये, याची काळजी मुख्य कार्यकाऱ्यांना घ्यावी लागते, आणि त्याच वेळी आयोगाशी वैर करूनही चालत नाही. मे २०२४ मध्ये मंत्र्यांनी संस्थेच्या दीर्घकालीन आढाव्याला मान्यता देऊन तिची भूमिका बळकट करण्याचे ठरवले, ते या पार्श्वभूमीवर.

२०२५ मध्ये जर्मनीचे आन्द्रे डेंक यांनी हे पद स्वीकारले. त्यापूर्वी ते याच संस्थेत उपमुख्य कार्यकारी होते. डेन्मार्क मार्च २०२३ मध्ये आत आल्याने संघाचे सर्व २७ देश आता संस्थेचे सदस्य आहेत. नॉर्वे, स्वित्झर्लंड, सर्बिया, युक्रेन यांच्याशी तसेच २०२३ पासून अमेरिकेच्या संरक्षण खात्याशीही तिचे प्रशासकीय करार आहेत. सदस्य देशांचा एकूण संरक्षण खर्च २०२३ मध्ये २७९ अब्ज युरो होता आणि २०२४ मध्ये तो ३४३ अब्जांवर पोहोचला. या वाढीव पैशातला किती भाग एकत्रित मागणीतून जातो, यावरूनच पुढील काळात या पदावरील व्यक्तीचे काम जोखले जाईल.